कचेरीचा पहिला आवाज : स्वागतिकेच्या खुर्चीचा विसरलेला इतिहास

१/
लहान कचेरीत दाराजवळची खुर्ची बहुधा कमी पगाराची असते; तिच्यासाठी योग्य माणूस मिळणे मात्र फार अवघड असते. येणाऱ्याचा पहिला प्रश्न तेथे विचारला जातो, चिडलेल्या ग्राहकाचा पहिला राग तेथेच निघतो आणि कचेरीविषयीचे पहिले मतही तेथेच बनते. ही अडचण आजची नाही. टेलिफोनचे यंत्र जेमतेम २ वर्षांचे असताना अमेरिकेतील छोट्या टेलिफोन कंपन्या नेमक्या याच प्रश्नापाशी अडल्या होत्या. त्यांनी तो कसा सोडवला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा इतिहास.

२/
२८ जानेवारी १८७८. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या गावी जॉर्ज कॉय याने जगातील पहिले व्यापारी टेलिफोन केंद्र सुरू केले. ग्राहक अवघे २१. कॉयने स्विचबोर्ड हाताने जुळवला होता. त्यात घोडागाडीचे बोल्ट होते, चहाच्या किटल्यांच्या झाकणांच्या मुठी होत्या आणि त्या काळच्या स्त्रियांच्या झग्याला फुगवटा देण्यासाठी वापरली जाणारी तारही होती. पुढच्याच महिन्यात ग्राहकांची यादी छापली गेली. एका पानावर ५० नावे आणि नंबर एकही नाही.

३/
नंबर नव्हते, म्हणून मधला माणूस अपरिहार्य होता. ग्राहकाने आपल्या यंत्राची मूठ फिरवली की केंद्रातील फलकावर त्याच्या नावाची लहानशी पट्टी खाली पडे. ऑपरेटरने तेथे तार जोडायची, कोणाशी बोलायचे आहे ते विचारायचे, त्या दुसऱ्या ग्राहकाची घंटी वाजवायची, दोन्ही तारा जोडून द्यायच्या आणि बोलणे संपल्याची खात्री करून त्या सोडवायच्या. काम वरकरणी हातांचे दिसे; प्रत्यक्षात ते कान, जीभ आणि संयम यांचे होते.

४/
या कामावर कंपन्यांनी प्रथम किशोरवयीन मुले नेमली. निवड तर्काला धरूनच होती. तारखात्यात निरोप पोहोचवण्यासाठी अशी मुले वर्षानुवर्षे कामाला होती. ती चपळ होती, स्वस्त होती आणि विजेच्या उपकरणांना बुजत नव्हती. तार आणि टेलिफोन ही तर सख्खी भावंडे. एका घरी चालले ते दुसऱ्या घरीही चालेल, असा हिशेब मालकांनी मांडला.

५/
हिशेब फसला. मुले केंद्रात आरडाओरडा करत, एकमेकांशी कुस्त्या खेळत, मुद्दाम भलत्याच तारा जोडून गंमत पाहत. ग्राहक तापला तर त्याला उलट शिव्या देत. टेलिफोन घेणारे ग्राहक होते डॉक्टर, व्यापारी, कारखानदार. पैसे मोजून विकत घेतलेल्या त्या नव्या यंत्रातून एखाद्या पोराचे उर्मट उत्तर कानी पडले की त्यांना कंपनीचीच किंमत कळल्यासारखे वाटे.

६/
मुले वाईट होती, एवढेच कारण पुरेसे नाही. तारखात्यातील मुलाचा ग्राहकाशी संबंध क्षणाचा असे : लखोटा हातात द्यायचा आणि पुढे निघायचे. टेलिफोन केंद्रातील मुलाला दिवसभर, प्रत्येक मिनिटाला, न दिसणाऱ्या माणसाशी नम्रपणे बोलावे लागे. दोन्ही कामांत तारा होत्या. पण एकात पाय लागत, दुसऱ्यात वाणी. मालकांनी यंत्राचे साम्य पाहिले, कामाचे स्वरूप पाहिले नाही. नोकरभरतीतील ही चूक पुढे अनेक पिढ्यांनी पुन्हा पुन्हा केली.

७/
बोस्टनमध्ये एडविन होम्स नावाचा उद्योजक चोरीची सूचना देणाऱ्या विद्युत घंटांचा व्यवसाय करीत असे. शहरभर त्याच्या तारा आधीच पसरलेल्या होत्या. रात्री त्या राखणीला आणि दिवसा टेलिफोनला, अशी त्याने सोय लावली. त्याच्या कंपनीत १ सप्टेंबर १८७८ रोजी एमा नट ही १८ वर्षांची तरुणी रुजू झाली. ती पूर्वी तारखात्यात काम करीत होती. जगातील पहिली स्त्री टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिची नोंद होते. काही तासांतच तिची बहीण स्टेला हीसुद्धा शेजारच्या खुर्चीवर बसली.

८/
एमाचा आवाज शांत आणि सुसंस्कृत होता. समोरचा चिडला तरी तिचा तोल जात नसे. कंपनीच्या यादीतील प्रत्येक नंबर तिला पाठ होता, असे पुढे सांगितले जाई. ग्राहकांचा प्रतिसाद इतका अनुकूल होता की थोड्याच वर्षांत दिवसपाळीतील मुले जवळपास नाहीशी झाली आणि ऑपरेटर म्हणजे स्त्री हे समीकरण रूढ झाले. एमा सुमारे ३३ वर्षे या व्यवसायात राहिली. १९११ च्या सुमारास ती निवृत्त झाली.

९/
आता दुसरी बाजू. एमाचा आरंभीचा पगार महिना १० डॉलर आणि काम आठवड्याला ५४ तास, अशी नोंद सांगितली जाते. शिकलेल्या तरुणींना त्या काळी शाळा, दुकान, शिवणकाम आणि कारखाना यांपलीकडे फारशा वाटा नव्हत्या. त्यामुळे सुशिक्षित, बोलण्यात चांगली आणि जबाबदार व्यक्ती कंपन्यांना पुरुषापेक्षा कमी पगारात मिळू लागली. मार्दव हा स्त्रीचा स्वभावच, असे एकदा ठरवले की त्या मार्दवाचा वेगळा मोबदला द्यावा लागत नाही. कौशल्याला स्वभाव म्हणण्यात मालकाचा असा फायदा होता.

१०/
चांगला माणूस मिळाला की लहान कचेरीपुढे पुढची अडचण उभी राहते : तो आजारी पडला तर? १८७९ च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गावी गोवराची साथ आली. गावात टेलिफोनचे २०० हून अधिक ग्राहक होते आणि ऑपरेटर फक्त ४. कोणत्या ग्राहकाची तार फलकावर कोठे आहे, हे त्या चौघांच्या डोक्यात होते. गावातील डॉक्टर मोझेस ग्रीली पार्कर यांना धास्ती वाटली की चौघेही एकदम अंथरुणाला खिळले तर, साथीच्या ऐन दिवसांत, गावचा टेलिफोन मुका होईल.

११/
पार्कर यांनी साधा उपाय सुचवला : ग्राहकांना नावांऐवजी नंबर द्या, म्हणजे नवखा माणूसही चटकन काम शिकेल. आपल्या नावाची जागा आकड्याने घेतली तर लोकांना तो अपमान वाटेल, अशी कंपनीला भीती होती. लोकांनी मात्र सोय ओळखली आणि नंबर स्वीकारले. आज प्रत्येकाच्या खिशात असलेल्या मोबाइल नंबराचे मूळ अशा रीतीने एका छोट्या कचेरीच्या चिंतेत आहे. एखाद्या कर्मचाऱ्याच्या स्मरणशक्तीवर सगळे काम अवलंबून ठेवू नये, हा धडा पार्कर यांनी साथीच्या तोंडावर घालून दिला.

१२/
केंद्रे वाढली तशी निवड कडक झाली. उमेदवार तरुण हवी, अविवाहित हवी. लग्न झाले की बहुतेक ठिकाणी नोकरी सुटे. उंच फलकाच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोहोचतो का, हे मोजले जाई. उच्चार तपासले जात, कारण 'चांगला आवाज' याचा अर्थ त्या समाजातील प्रतिष्ठित वर्गाचा आवाज असा घेतला जाई. कृष्णवर्णीय तरुणींना अमेरिकेतील बेल कंपन्यांच्या बहुतेक केंद्रांत १९४० च्या दशकापर्यंत या खुर्चीवर बसू दिले गेले नाही. ग्राहकाला जो माणूस दिसणारच नव्हता, त्याचाही रंग पाहिला गेला.

१३/
मग आली शिकवणी. विसाव्या शतकाच्या आरंभी कंपन्यांनी ऑपरेटरांसाठी शाळा काढल्या. काय बोलायचे, कोणत्या स्वरात बोलायचे, कोणते शब्द टाळायचे, हे सारे ठरलेले असे. 'नंबर, प्लीज' हे दोन शब्द दिवसभरात शेकडो वेळा, तेवढ्याच गोडीने उच्चारावे लागत. पाठीमागे पर्यवेक्षिका फिरत आणि संभाषण गुपचूप ऐकण्याचीही सोय असे. आरंभी सहजपणामुळे आवडलेला एमाचा आवाज आता साच्यातून काढला जाऊ लागला.

१४/
साच्याचा ताण किती होता, ते १९०७ साली टोरांटोत उघड झाले. बेल कंपनीने ऑपरेटरांची ५ तासांची पाळी ८ तासांची करण्याचे ठरवले. पगार त्या प्रमाणात वाढणार नव्हता. ४०० हून अधिक तरुणी काम सोडून बाहेर पडल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले मॅकेन्झी किंग त्या आयोगावर होते. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या. मज्जातंतूंवरील ताण आणि लांब पल्ल्याच्या तारांतून बसणारे विजेचे झटके यांची वर्णने नोंदवली गेली. 'बसून बोलण्याचे सोपे काम' या समजुतीला तेथे पहिल्यांदाच अधिकृत तडा गेला.

१५/
पहिल्या महायुद्धात या कौशल्याची खरी किंमत सेनापतींना कळली. फ्रान्समधील अमेरिकी सैन्यात सैनिकांच्या हातून फोन जोडण्यास फार विलंब होत असे. जनरल पर्शिंग यांनी इंग्रजी व फ्रेंच बोलणाऱ्या स्त्री ऑपरेटर मागवल्या. ७ हजारांहून अधिक अर्ज आले. २२३ जणी समुद्रापार गेल्या. त्यांच्या प्रमुखांपैकी ग्रेस बँकर यांना विशेष सेवापदक मिळाले. युद्ध संपताच मात्र 'तुम्ही सैनिक नव्हताच' असे या स्त्रियांना सांगण्यात आले. माजी सैनिकांचा दर्जा देणारा कायदा झाला १९७७ साली, तोवर त्यांतील बहुतेक जणी हयात नव्हत्या.

१६/
एप्रिल १९१९ मध्ये बोस्टनसह न्यू इंग्लंडच्या राज्यांतील सुमारे ८ हजार ऑपरेटर संपावर गेल्या. नेतृत्व ज्युलिया ओ'कॉनर या ऑपरेटरकडे होते. टेलिफोन तेव्हा युद्धकालीन सरकारी ताब्यात होता, म्हणजे संप थेट सरकारविरुद्ध होता. ६ दिवस त्या भागातील टेलिफोन जवळजवळ ठप्प झाले आणि पगारवाढ मान्य करावी लागली. ज्या आवाजाला कोणी मोजत नव्हते, त्याच्या मौनाने शहरे अडली.

१७/
याच काळात ऑपरेटरच नको, असाही विचार चालू होता. कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्रोजर हा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करीत असे. प्रतिस्पर्ध्याची बायको ऑपरेटर असून ती आपले फोन नवऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, अशी आख्यायिका आहे. तिचे तथ्य काहीही असो, १८९१ मध्ये त्याने स्वयंचलित स्विचचे पेटंट मिळवले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्त येथे तसे केंद्र सुरूही झाले. मधल्या माणसावर विश्वास नसेल तर मधला माणूसच काढून टाकावा, ही कल्पना तेव्हापासूनची.

१८/
भारतात १८८२ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन केंद्रे आली. येथेही पुढे ऑपरेटरच्या खुर्चीवर तरुणी बसल्या. इंग्रजीच्या अटीमुळे त्यांत अँग्लो-इंडियन मुलींची संख्या लक्षणीय होती. निवडीची चाळणी येथेही भाषेची आणि वर्गाचीच होती. १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात थेट एसटीडी सेवा सुरू झाली, तरी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहणारी पिढी महाराष्ट्रातील घराघरांत अजून आहे. 'बोला, लाइन जोडली आहे' हे शब्द कानी पडताच घरात होणारी धावपळ त्यांनाच विचारावी.

१९/
केंद्रातील ऑपरेटर हळूहळू गेली, पण तिची खुर्ची मोडली नाही. ती कचेऱ्यांत आली. मोठ्या पेढ्या, हॉटेले आणि इस्पितळे यांनी स्वतःचे छोटे स्विचबोर्ड बसवले. फोन जोडणारीच आल्यागेल्याची विचारपूस करू लागली, टपाल घेऊ लागली, साहेबांच्या भेटींच्या वेळा सांभाळू लागली. आजची स्वागतिका ही त्या ऑपरेटरची थेट वारसदार आहे. कामांची संख्या वाढली; पगार ठरवताना वापरली जाणारी समजूत मात्र बरीचशी १८७८ मधलीच राहिली.

२०/
या इतिहासात लहान कचेरीला लागू पडणारे तीन धडे आहेत. पोरांच्या फजितीने दाखवले की स्वस्त आणि चपळ माणूस प्रत्येक कामाला योग्य असतोच असे नाही. लोवेलच्या साथीने दाखवले की माणूस कितीही गुणी असला तरी त्याच्या डोक्यातले ज्ञान कागदावर उतरले पाहिजे. टोरांटो आणि बोस्टनने दाखवले की नम्रतेलाही श्रम पडतात, आणि त्या श्रमांचे दाम चुकवले नाही तर एक दिवस तो आवाज थांबतो. चांगली स्वागतिका मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. ती मिळाल्यावर टिकवण्यासाठी कचेरीने काय केले, हा प्रश्न तेवढाच जुना असून फार कमी वेळा विचारला गेला आहे.