लोकल आणि प्लॅटफॉर्मच्या मध्ये फट का असते? आणि तिथे पडल्यास कायदा काय म्हणतो?

लोकलमध्ये चढता-उतरताना पायाखाली दिसणारी फट चुकून राहिलेली नसते. धावती गाडी डुलते, स्प्रिंगांवर वरखाली होते. ती प्लॅटफॉर्मच्या कडेला घासू नये म्हणून ठरावीक अंतर सोडावंच लागतं. वळणावरच्या स्टेशनात डबा सरळ आणि प्लॅटफॉर्म वाकडा, त्यामुळे काही दारांपाशी ही फट आणखी रुंदावते.

खरी घातक ठरली ती उंची. रेल्वेच्या नियमानुसार उंच प्लॅटफॉर्म रुळापासून ७६० ते ८४० मिमी वर असतो, आणि लोकलची फरशी त्याहून बरीच वर. त्यात देखभाल करताना खडी भरून रूळ उचलला गेला, की प्लॅटफॉर्म हात न लावताही तेवढा ठेंगणा होतो. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला १६ वर्षांची एक मुलगी या पोकळीत पडली आणि तिने दोन्ही हात गमावले. मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेला धारेवर धरलं, तेव्हा कुठे मुंबईतले प्लॅटफॉर्म ९०० मिमीच्या वर नेण्याच्या कामाला वेग आला.

२०१७ च्या अखेरीस आलेल्या एसी लोकलला आपोआप बंद होणारे दरवाजे आहेत. साध्या लोकलला ते लावले तर गर्दीत जीव गुदमरेल, हा जुना अडथळा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी पडून दगावले, त्यानंतर रेल्वेने नव्या साध्या लोकललाही असे दरवाजे, त्यात झरोके आणि छतावरून हवा घेण्याची सोय जाहीर केली.

एक गोष्ट मात्र फार कमी जणांना माहीत असते. चढताना-उतरताना पडला म्हणजे चूक प्रवाशाचीच, असं कायदा मानत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४-अ खाली भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अशा अपघातात निष्काळजीपणाचं कारण देऊन रेल्वेला भरपाई नाकारता येणार नाही. आत्महत्या, नशा किंवा स्वतःचा गुन्हा असेल तर मात्र ती मिळत नाही. मृत्यू झाल्यास रक्कम ८ लाख रुपये. प्रवाशाकडे तिकीट किंवा पास असायला हवा. पण अपघातात तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळला जात नाही, आधी प्रतिज्ञापत्र देता येतं. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, एक वर्षाच्या आत करायचा असतो.