सेनासंचालन-व्यवस्थेची मनुष्यानुकूल रचना

रणक्षेत्रातून येणाऱ्या खबरी, त्यांवरून अधिकाऱ्याने घ्यावयाचा निर्णय आणि तुकड्यांपर्यंत जाणारा हुकूम यांची सांगड घालणारी यंत्रणा, ती प्रत्यक्ष राबविणाऱ्या माणसाची दृष्टी, स्मृती, थकवा आणि भय यांचा विचार करून आखण्याचे शास्त्र. दुसऱ्या महायुद्धानंतर या शास्त्राला स्वतंत्र प्रतिष्ठा लाभली. परंतु त्याचा सर्वांत बोधप्रद नमुना त्यापूर्वीच ब्रिटनमध्ये उभा राहिला होता.

१९३६ साली ह्यू डाउडिंग यांच्या आधिपत्याखाली ब्रिटिश वायुदलाची ‘फायटर कमांड’ स्थापन झाली. त्याच वर्षी शास्त्रज्ञ हेन्री टिझार्ड यांच्या प्रेरणेने बिगिन हिलच्या विमानतळावर जे प्रयोग झाले, त्यांत शत्रुविमानाला गाठण्याची दिशा गणकयंत्रापेक्षा अनुभवी अधिकाऱ्याच्या नजरेच्या अंदाजाने अधिक त्वरेने ठरते असे आढळले, आणि तीच रीत पुढे कायम झाली. किनाऱ्यावरील रडारकेंद्रांकडून एकाच टोळीविषयी परस्परविसंगत आकडे येत. ते जसेच्या तसे नियंत्रकापुढे न टाकता बेंटली प्रायरी येथील मुख्यालयातील ‘फिल्टर रूम’मध्ये त्यांची छाननी होई आणि मगच संचालन-कक्षांकडे निर्णायक मार्ग धाडला जाई. संचालन-कक्षांत महिला साहाय्यक दलातील तरुणी लांब दांड्यांनी विशाल नकाशावर सोंगट्या सरकवीत आणि वरच्या सज्ज्यातून नियंत्रक ते सारे दृश्य पाहत असे. भिंतीवरील घड्याळाची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या तांबड्या, पिवळ्या व निळ्या भागांत विभागलेली असे. खबर येते वेळी मिनिटकाटा ज्या रंगावर असेल त्याच रंगाची खूण नकाशावर मांडली जाई, त्यामुळे कोणती बातमी ताजी व कोणती शिळी हे कोणालाही न विचारता, एका दृष्टिक्षेपात, थकलेल्या अधिकाऱ्यालाही उमगे. ब्रिटनवरील जर्मन हवाई हल्ल्यांविरुद्धच्या १९४० च्या संग्रामात रडारइतकेच श्रेय या साध्या रंगांना द्यावयास हवे, असे प्रस्तुत लेखकास निःशंकपणे वाटते.

याउलट, यंत्र समर्थ असूनही माणूस दुर्लक्षित राहिल्यास काय घडते, याचे दारुण उदाहरण ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या आखातात दिसले. ‘एजिस’ या अत्याधुनिक संरक्षण-प्रणालीने सज्ज असलेल्या ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे प्रवासी विमान शत्रूचे समजून पाडले आणि त्यातील सर्व २९० जण प्राणास मुकले. विमान वर चढत असल्याची नोंद प्रणालीत अचूक होती. तथापि ते खाली झेपावत असल्याची वर्दी कक्षातून कप्तानाला दिली गेली. मोठ्या पडद्यांवर विमानाची उंची दिसत नसे; ती निराळ्या छोट्या पडद्यावरील आकड्यांत वाचावी लागे, आणि उंची वाढते आहे की घटते आहे हे त्या धुमश्चक्रीत, समुद्रावर चकमक चालू असताना, पाहणाऱ्याने स्वतःच ताडावयाचे होते. चौकशीनंतर अमेरिकी नौदलाने तणावाखालील निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासाचा स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतला. त्यात पडद्यांच्या मांडणीबरोबरच कक्षातील चमूच्या परस्परसंभाषणाच्या तालमीचाही अंतर्भाव होता.