वर्तनसमस्या असलेले बालक आणि शाळेचे दायित्व : मिल्स खटल्याचा (१९७२) ऐतिहासिक अन्वयार्थ

प्रस्तावना

‘उनाड’, ‘हूड’, ‘हाताबाहेर गेलेला’ असा शिक्का बसलेल्या मुलाची शालेय दप्तरातील शेवटची नोंद बहुधा हजेरीपटावरून नाव कमी झाल्याची असते. त्यानंतर ते मूल कोठे गेले, हे दप्तर सांगत नाही. अशा मुलाला शाळेबाहेर काढणे ही दीर्घकाळ शिस्तीची बाब मानली गेली. ती हक्काची बाब कशी झाली, याचा मागोवा अमेरिकेतील एका खटल्याच्या आधारे प्रस्तुत लेखात घेतला आहे.

खटल्याची पार्श्वभूमी

वंशभेदावर आधारित शाळा घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. राजधानी वॉशिंग्टनच्या शाळांबाबतचा स्वतंत्र निर्णयही त्याच दिवशी झाला. तथापि वंशाचा अडसर कायद्याने दूर झाला, तरी अन्य कारणांनी मुलांना वगळण्याची प्रथा टिकून राहिली. १९७१ मध्ये राजधानीतील सात बालकांच्या वतीने शिक्षण मंडळाविरुद्ध दावा दाखल झाला. ही सर्व बालके कृष्णवर्णीय व गरीब होती. ‘वर्तनसमस्या’, ‘अतिचंचल’, ‘मतिमंद’ वा ‘भावनिक दृष्ट्या अस्वस्थ’ अशी वर्गवारी करून त्यांना शाळेबाहेर ठेवण्यात आले होते. मुख्य वादी असलेला बारा वर्षांचा मुलगा वर्तनसमस्येच्या कारणावरून चौथीच्या वर्गातून काढण्यात आला होता.

न्यायालयापुढील आकडेवारी बोलकी होती. राजधानीत विशेष शिक्षणाची गरज असलेली अंदाजे २२,००० बालके होती आणि त्यांपैकी सुमारे १८,००० बालकांना तसे शिक्षण मिळत नसावे, असे निकालपत्रात नमूद आहे. यातील विसंगती अशी की, मुलाला शाळेत न पाठविणारा पालक तेथील सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार दंडास पात्र होता. मात्र तेच मूल शाळेने नाकारल्यास पालकाला दाद मागण्याचा परिणामकारक मार्ग नव्हता.

निकाल व त्याचे महत्त्व

१ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायाधीश जोसेफ वॅडी यांनी निकाल दिला. पर्यायी शिक्षणाची पुरेशी सोय आणि पूर्वसुनावणी यांवाचून कोणत्याही बालकास नियमित शाळेतून वगळता येणार नाही, असे त्यांनी ठरविले. शिस्तभंगासाठी दोन दिवसांहून अधिक निलंबन करावयाचे झाल्यास सुनावणी घेणे व त्या काळात शिक्षण चालू ठेवणे मंडळावर बंधनकारक झाले. निधी नसल्याचा मंडळाचा बचाव त्यांनी अमान्य केला. पैसा अपुरा असेल, तर त्या अपुरेपणाचा भार सर्वांत दुर्बल बालकांवरच अधिक पडता कामा नये, हे त्यामागील सूत्र होते.

या निकालाने कारण देण्याची जबाबदारी शाळेवर आली. तोवर ‘आपले मूल शाळेत बसण्यास लायक आहे’ हे पालकाने पटवून द्यावयाचे असे. आता ‘या मुलासाठी काय केले’ याचे उत्तर शाळेला द्यावे लागले.

कायद्याचा विस्तार व मर्यादा

पेन्सिल्व्हेनियातील मतिमंद बालकांसंबंधीचा दावा आणि मिल्स खटला यांची परिणती २९ नोव्हेंबर १९७५ रोजी संमत झालेल्या राष्ट्रीय कायद्यात झाली. विनामूल्य व सुयोग्य शिक्षण, प्रत्येक बालकासाठी स्वतंत्र आराखडा व पालकांना सुनावणीचा हक्क ही त्याची प्रमुख अंगे होत. परंतु या कायद्यान्वये गंभीर भावनिक अस्वस्थता असलेले बालक पात्र ठरले, तर केवळ ‘सामाजिक दृष्ट्या विसंगत’ मानलेले बालक वगळले गेले. अस्वस्थ कोण आणि बेशिस्त कोण, हा वाद त्यामुळे संपला नाही. तो व्याख्येच्या पातळीवर गेला.

१९८८ मध्ये होनिग विरुद्ध डो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अपंगत्वातून उद्भवलेल्या वर्तनासाठी शाळेला एकतर्फी दीर्घ निष्कासन करता येणार नाही. मात्र दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनाची मुभा राहील आणि धोका असल्यास शाळेने न्यायालयाकडे जावे. या निर्णयात वर्गातील इतर मुलांच्या व शिक्षकांच्या सुरक्षिततेचीही दखल होती. १९९७ च्या दुरुस्तीने वर्तनामागील कारणांचे मूल्यमापन व वर्तनसुधार आराखडा या गोष्टी कायद्यात आणल्या. शिक्षेइतकेच निदानही शाळेचे काम ठरले.

भारतीय संदर्भ

भारतात शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकास शाळेतून काढता येत नाही. कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध केला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याच वर्गात ठेवण्याची मुभा दिली, तरी निष्कासनावरील बंदी कायम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांच्या यादीत स्वमग्नता व अध्ययन अक्षमता आहेत. अवधानदोष व अतिचंचलता यांचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. परिणामी अशा बालकाला शाळेत राहण्याचे संरक्षण मिळते. त्याच्या वर्तनाचे मूल्यमापन व त्यानुसार आराखडा मागण्याचा तेवढाच स्पष्ट आधार मात्र मिळत नाही.

निष्कर्ष

मिल्स खटल्याचा इतिहास दोन गोष्टी दर्शवितो. पहिली, वर्गातील त्रासदायक मुलाविषयीची करुणा व्यक्तीवर अवलंबून असते. सुनावणी, मुदत व लेखी कारण यांची सक्ती तिला स्थैर्य देते. दुसरी, प्रवेशाचा हक्क हा आधाराच्या हक्काचा केवळ पूर्वार्ध होय. नाव हजेरीपटावर राहिले, पण शिक्षकाला प्रशिक्षण आणि मुलाला समुपदेशन लाभले नाही, तर पूर्वी फाटकाबाहेर असलेले मूल शेवटच्या बाकावर येते, एवढाच फरक पडतो.