आर्डव्रेकचा पाहुणा: दगा नक्की कुणी दिला?

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तटबंदी, महादरवाजा, बालेकिल्ला येतो. आजचा किल्ला तसा नाही. स्कॉटलंडच्या वायव्येला, सदरलंड भागात, असिंट नावाचा तलाव आहे. त्यात खडकाळ जमिनीचं एक चिंचोळं टोक शिरलंय. तिथे उभा आहे आर्डव्रेक. खरं तर जाड भिंतींचं एक दगडी घरच. पंधराव्या शतकाच्या अखेरीस असिंटच्या मॅक्लाउड घराण्यानं ते बांधलं. आज उरलंय काय? मोडक्या भिंती, जिन्याचा बुरूज आणि खाली कमानीची तळघरं.

आणि एक आरोप: या घरानं पाहुण्याला विकलं.

झालं असं. १६४९ मध्ये लंडनला राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स परदेशात होता आणि त्याला गादी हवी होती. स्कॉटलंडमध्ये सत्ता होती कव्हेनंटर लोकांकडे, म्हणजे चर्चच्या कारभारात राजाची ढवळाढवळ नको म्हणणाऱ्यांकडे. चार्ल्सनं दोन डाव एकदम टाकले. एकीकडे त्यांच्याशी बोलणी चालू ठेवली, आणि दुसरीकडे त्यांच्याविरुद्ध लढायला माँट्रोज या आपल्या सेनापतीला पाठवलं.

२७ एप्रिल १६५० ला कार्बिसडेलच्या लढाईत माँट्रोजचा पार धुव्वा उडाला. तो डोंगरात पळाला, उपाशीपोटी भटकत असिंटमध्ये आला आणि नील मॅक्लाउडच्या हाती लागला. आधी आर्डव्रेकमध्ये कैद, मग एडिंबरा, आणि २१ मे ला भर चौकात फाशी. वय फक्त ३७. शीर तुरुंगाच्या इमारतीवर खिळ्याला लावलं, हातपाय चार शहरांत पाठवले.

एक बाजू म्हणते, नीलनं आसरा दिला आणि बक्षिसासाठी धरून दिलं. त्या मुलखात दाराशी आलेल्याचा घात करण्याइतकं मोठं पाप नव्हतं. दुसरी बाजू म्हणते, शत्रूचा सेनापती सापडला, नीलनं तो सरकारच्या हवाली केला. यात पाहुणचार आला कुठून?

पण जरा राजाकडे बघा ना! त्याच मे महिन्यात चार्ल्सनं कव्हेनंटरांशी करार केला. जूनमध्ये तो स्कॉटलंडला उतरला. १ जानेवारी १६५१ ला, ज्यांनी माँट्रोजला फासावर चढवलं त्यांच्याच मदतीनं, त्यानं स्कून इथे मुकुट घातला. तेव्हा माँट्रोजचं शीर एडिंबरात खिळ्यावरच होतं. ते खाली उतरलं १६६१ मध्ये, राजाची गादी पक्की झाल्यावर. मग सेंट जाइल्स चर्चमध्ये थाटामाटात दफन!

आणि दगाबाज कोण ठरला? नील. त्याच्यावर एडिंबरात खटला चालला, १६७४ मध्ये तो सुटला. पण तोवर घर गेलं होतं. १६७२ मध्येच मॅकेंझींनी आर्डव्रेक जिंकून घेतला. १७९५ मध्ये त्या पडक्या भिंतींवर वीजही कोसळली.

नील साधुसंत होता असं मी म्हणत नाहीये. पण राजानं केलं ते राजकारण आणि नीलनं केला तो दगा, हा हिशोब मला काही पटत नाही. तुम्हाला पटतो का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!