चित्रांतला मृगराज

‘रंगविलेल्या चित्रांसाठीं मोठ्या माणसानें काय रडावयाचें?’ असें विचारणारे आमच्या काटोलांत पुष्कळ भेटतात. त्यांस इतिहासच उत्तर देईल.

आरंभ गमतीचा होता. १९१५ सालीं दादासाहेब फाळके यांनीं पडद्यावर आगकाड्या नाचविल्या. १९३४ सालीं प्रभात कंपनीनें ‘जंबूकाका’ काढला. पुढें १९५६ सालीं मुंबईस फिल्म्स डिव्हिजनची कार्टून शाखा निघाली. डिस्नेकडील क्लेअर वीक्स यांनीं तेथील चित्रकारांस धडे दिले, आणि १९५७ सालीं जातककथेवरील ‘द बॅनियन डिअर’ हा लघुपट तयार झाला.

मूळ कथेंत राजाकडे रोज एक हरिण वधासाठीं जाई. एके दिवशीं गाभण हरिणीची पाळी आली, तेव्हां मृगराजानें तिच्याऐवजीं आपली मान पुढें केली. तें पाहून राजा विरघळला. सर्व हरिणांस अभय मिळालें.

अशा पटांत नट नसतो. सेकंदास चोवीस याप्रमाणें सरकणारीं निर्जीव चित्रें असतात. तरीही डोळे भरून येतात; कारण रेषा निर्जीव असल्या, तरी दुसऱ्यासाठीं केलेला त्याग मनास तत्काळ ओळखूं येतो. या अश्रूंची लाज प्रौढांनीं कां बाळगावी?