नैसर्गिक रंगाई, घरगुती

वनस्पती, कीटक वा खनिजे यांपासून काढलेल्या रंगाने घरच्या घरी सूत किंवा कापड रंगविण्याची क्रिया. मोहेंजोदडो येथे मंजिष्ठेने रंगविलेल्या सुती कापडाचा अवशेष मिळाला आहे (पहा : मंजिष्ठ). विल्यम हेन्री पर्किन यांनी 1856 मध्ये कृत्रिम जांभळा रंग तयार केल्यानंतर वनस्पतिज रंगांचा व्यापारी वापर घटत गेला.

डाळिंबाची साल, कांद्याची टरफले, पळसाची फुले, कात ही सहज मिळणारी रंगद्रव्ये होत. यांचा रंग पक्का होण्यास रंगबंधक लागतो (पहा : रंगबंधक). सुती कापड सोड्याच्या पाण्यात उकळून खळ काढतात, हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवितात व तुरटीच्या पाण्यातून काढून रंगाच्या पाण्यात मंद आचेवर सु. तासभर ठेवतात. हिरड्यातील टॅनीन तुरटीतील ॲल्युमिनियम धाग्यावर धरून ठेवते. डाळिंबसालीचा रंग तुरटीवर पिवळा, तर लोहक्षारावर काळपट हिरवा येतो. म्हणून पिवळ्यासाठी लोखंडी भांडे वर्ज्य. हळद रंगबंधकाशिवाय चढते, पण उन्हात विटते व साबणाने तांबूस होते. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती आंबवून विद्राव्य करतात. त्यातून काढलेले हिरवट पिवळे कापड हवेत निळे होते (पहा : नीळ).

पाणी व पिकाप्रमाणे छटा बदलत असल्याने या पद्धतीचे महत्त्व हस्तव्यवसायात अधिक, मोठ्या उत्पादनात कमी आहे.