सुपातले आऊटसोर्सिंग

माझ्या भाचीच्या मुलीला पुण्यात संगणक कंपनीत नोकरी लागली, तेव्हा तिच्या आजीने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, फोनवर तिला एकच प्रश्न विचारला, "काम कोणाचं करतेस?" पोरीने कंपनीचे नाव सांगितले. बहिणीचे समाधान झाले नाही. "तसं नाही गं, माल कोणाचा?" मग उलगडा झाला, की काम अमेरिकेतल्या एका बँकेचे, बसायचे पुण्याच्या कंपनीत आणि पगार देणार तिसरीच कोणी कंपनी. बहीण म्हणाली, "म्हणजे मधात सट्टेदार आहे."

तिने पवनी तालुक्यात ऐन उमेदीची वर्षे विड्या वळल्या. आऊटसोर्सिंग हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता, पण त्यातली मेख तिला माझ्याआधी कळली.

सट्टेदार हा शब्द तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल. विडीच्या कारखान्यातून तो तंबाखू आणि तेंदूची पाने आणी, गावातल्या बायांना वजनाने वाटून देई आणि वळलेल्या विड्या परत नेई. मजुरी हजार विड्यांवर. घर बाईचे, कैची बाईची, दिव्याचे तेल बाईचे. मांडीवर सूप घेऊन पोरेबाळे सांभाळत काम चाले. पाने सडकी निघाली आणि कमी पडली, तर पदरच्या पैशाने विकत आणायची. शेवटी चेकर बसायचा. त्याने छाट काढली, म्हणजे विड्या नापास केल्या, की त्यांची मजुरी बुडाली. आमच्या आईने वळलेल्या विड्यांतली अशी ओंजळभर छाट मी लहानपणी पाहिली आहे. त्या विड्यांत वाईट काय होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

हा धंदा आमच्याकडेच का रुजला? भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. मळणी आटोपली की हात रिकामे. तेंदूचे जंगल जवळ. जबलपूरला 1902 च्या सुमारास मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल यांनी तेंदूपानाच्या विडीचा व्यापार उभा केला. तंबाखू गुजरातेतून येई. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया आणि तुमसर या व्यापाराला जोडले. गोंदिया तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते, 1 मे 1999 ला ते वेगळे झाले. कारखान्याला फार मोठे छप्पर बांधावे लागले नाही, कारण गावागावांतल्या ओसऱ्याच त्याचे छप्पर झाल्या.

तरुणांनी कोणते काम करावे, याची चिंता सरकारला तेव्हाही होती. 1948 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने कायदा केला, की शेतीच्या हंगामात ठरवून दिलेल्या गावांत विड्या वळायच्या नाहीत. शेतीला मजूर मिळावेत, हा हेतू. सागरचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1950 मध्ये न्यायालयाने हे बंधन अवाजवी म्हणून रद्द केले. कोणी काय काम करावे, हे असे सरसकट ठरवता येत नाही, हे त्या निकालाने सांगितले. त्या कामाचे मोल काय, हा प्रश्न मात्र राहिलाच.

त्याहून अवघड प्रश्न होता, कामगार म्हणायचे कोणाला? सागरच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये ठरवले, की सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार, कारखान्याचे कामगार नव्हेत. मग सट्टेदाराच्याही पलीकडे ओसरीवर बसलेली बाई कोण? कायद्याच्या नजरेला ती दिसतच नव्हती. 1961 मध्ये नागपूरच्या एका विडी कारखान्याचे प्रकरण आले. तिथले लोक कारखान्यातच बसून वळत, पण येण्या-जाण्याची वेळ त्यांच्या मर्जीची. मालक म्हणे, हे आमचे कामगार कसे? न्यायालय म्हणाले, कामगारच. निकालात एक मुद्दा मोलाचा होता: ठरलेल्या प्रतीची नसलेली विडी नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे कामावर ताबाही त्याचाच आहे. आमच्या आईला हे कोर्टाशिवाय ठाऊक होते.

घरी वळणाऱ्या बायांना कायद्यात जागा मिळाली ती 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने. मालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले, पण 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. दरम्यान केरळने तो लागू करताच काही मालकांनी तिथले काम बंद करून दुसरीकडे हलवले. सुमारे 12 हजार कामगार उघड्यावर पडले. त्यांतून 1969 मध्ये कन्नूरला दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. छाप त्यांचा, चेकर त्यांचा. विडीचा खप घटू लागल्यावर या संस्थेने सॉफ्टवेअरचा विभागही काढला. आमच्या जिल्ह्यात असे काही घडले नाही, याची मला हळहळ वाटते.

आमच्याकडे वेगळे घडले. विडी व्यवसायातलेच मनोहरभाई पटेल यांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली. 1983 मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि पुढे मनोहरभाईंच्या नावाची अशी महाविद्यालये गोंदियाला आणि भंडाऱ्याजवळ शहापूरला उभी राहिली. ज्यांच्या आया-आज्यांनी विड्या वळल्या, त्यांची मुले तिथे संगणक शिकू लागली. उपकार म्हणा की हिशोबाची फेड, मला दोन्ही शब्द पुरे वाटत नाहीत.

मुले बाहेर पडली तोवर कामाची नवी वाट तयार होती. 1991 पासून सॉफ्टवेअर पार्कांची योजना आली. जुन्या संगणकांत साल दोनच आकड्यांत लिहिलेले, त्यामुळे 2000 उजाडताना ते 1900 समजतील, ही धास्ती जगभर होती. ती दुरुस्ती करायला स्वस्त आणि शिकलेले हात हवे होते. काम तुकडे करून पाठवायचे, तपासून परत घ्यायचे. 2001 मध्ये अमेरिकेत मंदी आली, तेव्हा निवड झालेल्या अनेक मुलांच्या रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या. 2008 ला पुन्हा तेच. पगार विडीच्या मजुरीहून कितीतरी पट, वातानुकूलित खोली, आरोग्य विमा. तुलना फार ताणू नये हे मला समजते. सुपापुढे बसून कोणाची बढती झाली नाही. इथे होते.

भाचीची मुलगी सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते. "म्हणजे तूच छाट काढतेस," आजी खूश झाली. पण आता तपासणीचे बरेचसे काम यंत्रच करू लागले आहे, आणि पोर काळजीत आहे. दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा होत्या. पुण्यात त्याच मधल्या कंपनीमार्फत वाढीव पगार, किंवा नागपूरला मिहानमध्ये कमी पगार, पण नेमणूक थेट आणि काम तपासण्याऐवजी नवे लिहिण्याचे. तिने मला विचारले. मी म्हणालो, दोन्ही नेमणूकपत्रे आण, आधी सही कोणाची आहे ते पाहू.

आम्ही तिघे ओसरीवर बसून ती वाचली. पुण्याच्या पत्रात एका महिन्याच्या सूचनेवर काम थांबवण्याचे कलम होते. ते बहिणीने दोनदा वाचून घेतले. पोरीने अजून ठरवलेले नाही.